विहीणबाईंच्या देखत विचारलेला प्रश्न

"स्मॉल बॉवेल ऑब्स्ट्रक्शन," सर्जन म्हणाले आणि त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. "म्हणजे लहान आतड्यात अडथळा. हे बघा आजी, इथपर्यंत आतडं फुगलंय. इथून पुढे रिकामं, चपटं. मधे वाट बंद आहे."

मला स्क्रीनवर नुसती करडी वेटोळी दिसत होती. चकलीचं पीठ सैल झालं की ताटात जे पडतं ना, तसं. माझ्या पोटात एवढा पसारा आहे, हे मला सत्तरी उलटल्यावर कळत होतं.

"ऑपरेशन करावं लागेल?" मंदारने, माझ्या मुलाने, विचारलं. त्याचा आवाज दहावीच्या निकालाच्या दिवशी झाला होता तसा बारीक झाला होता.

"लागलं तर. पण आज नाही. आधी थांबून बघू."

आज नाही म्हटल्यावर मी हुश्श केलं. एवढी मी मूर्ख. या आजारात सगळा खेळ त्या थांबण्याचाच असतो. किती थांबायचं आणि थांबणं पुरे कधी म्हणायचं. त्यात मी आणि माझ्या नवऱ्याने मिळून जो गोंधळ घातला, तो सांगायलाच हे लिहायला बसले आहे. तुमच्यावर ही वेळ आली तर निदान आमच्यासारखं करू नका.

सुरुवात ऋषीच्या भाजीपासून झाली. आमच्याकडे मुलुंडला पाच दिवसांचा गणपती असतो आणि ऋषिपंचमीला ती भाजी होते. अळूची देठं, माठ, सुरण, पडवळ, मक्याच्या कणसाचे तुकडे, सगळं एका पातेल्यात, तेलाशिवाय. माझी नवी कवळी हिरडीला चावते म्हणून मी ती डबीत ठेवली होती. कवळीशिवाय भाजी चावणार कशाने? मी गिळली. देठं, दोरे, सगळं. वर सुनेला म्हटलं, "अगं, मऊ झाल्येय हो भाजी."

संध्याकाळच्या आरतीला पहिली कळ आली. बेंबीच्या भोवती पीळ बसल्यासारखी. आली, दोन-तीन कडवी टिकली, गेली. परत आली. मी डोळे मिटून टाळ्या वाजवत राहिले. शेजारच्या बाई नंतर म्हणाल्या, "काकी, काय तल्लीन झाला होतात!" तल्लीन कसली, मी देवाला सांगत होते की बाबा, आरती आटप.

मग उलट्या सुरू झाल्या. आधी खाल्लेलं पडलं, मग हिरवं पाणी. पोट तासागणिक चढत होतं. हे, म्हणजे माझे यजमान, एरंडेलाची बाटली घेऊन आले. त्यांच्या आईकडून आलेलं एकमेव औषधशास्त्र. मी तोंड घट्ट मिटून घेतलं, कारण मला त्या वासाने शिसारी येते. सर्जनना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "नशीब तुमचं. वाट बंद असताना जुलाबाचं औषध म्हणजे बंद दारावर मागून गर्दी लोटायची." आयुष्यात हट्टीपणाचा फायदा झाला तो असा एकदाच.

मी मात्र म्हणत होते, "बाप्पा गेले की बघू." घरात गणपती आणि घरची बाई हॉस्पिटलात, हे मला पटेना. दुसऱ्या दिवशी दुपारी उलटीला घाण वास यायला लागला तेव्हा मंदारने काही न विचारता रिक्षा बोलावली. म्हणून सांगते. कळ येते-जाते, उलट्या थांबत नाहीत, पोट फुगलंय, आणि शौचाला नाही की खालून वाराही नाही, हे सगळं एकत्र आलं तर ओवा-हिंग करत बसू नका. रिक्षा बोलवा. बाप्पा समजून घेतात.

त्या सीटी स्कॅनच्या आधी डॉक्टर ग्लोरियाने माझी माहिती विचारली होती. ही तिथली निवासी डॉक्टर, उत्तनच्या कोळीवाड्यातली, मराठी एकदम फाडफाड. "आजी, आधी कधी पोटाचं ऑपरेशन?"

"नाही गं," मी म्हटलं. "कधीच नाही."

तिने पोटावरचं पातळ बाजूला केलं. बेंबीखाली चांगली वीतभर व्रणाची रेघ. "मग ही काय, चेन लावून घेतलीय?"

"ती होय! ती पिशवी काढली तेव्हाची. ते काय ऑपरेशन?"

आम्हा बायकांचं हे असंच. पिशवी काढणं हे आम्ही ऑपरेशनात धरत नाही. केस कापण्याच्या जरा वरचं धरतो. चाळिशीत मी ती काढून आले आणि पंधरवड्यात पापडाचं पीठ कुटायला बसले. का? तर जावेने "आता तुमच्याने व्हायचं नाही" असं म्हटलं होतं म्हणून. ती बया मला आता भेटली तर मी तिच्या हातातलं मुसळ काढून घेईन. ती म्हणजे जाऊ नव्हे, तेव्हाची मी.

ग्लोरियाने समजावलं. पोट एकदा उघडलं की आत बरं होताना कधीकधी चिकट पट्टे तयार होतात. त्यांना 'ॲडहीजन्स' म्हणतात. वर्षानुवर्षं ते गप्प असतात. मग कधीतरी आतड्याचं एखादं वेटोळं त्याखाली जाऊन अडकतं. वरून मी न चावलेली देठं पाठवली होती. "यात तुमचा काही दोष नाही," ती म्हणाली, आणि थोडं थांबून, "देठं सोडून."

मग नाकातून पोटात एक नळी घातली. 'राइल्स ट्यूब'. घालताना "गिळा, आजी, गिळा" म्हणतात आणि तुम्हाला वाटतं, आपण गांडूळ गिळतोय. त्या नळीतून काळपट हिरवं पाणी पिशवीत उतरायला लागलं. तोंडाने काही नाही, पाण्याचा थेंबसुद्धा नाही. पलंगावर पाटी लागली, 'एनबीएम'. निल बाय माउथ. हाताला सलाइन, लघवीला नळी. माझ्याकडे जाणाऱ्या-येणाऱ्या सगळ्या वाटांना नळ्या लागल्या होत्या, एक वाट सोडून. आणि सगळ्यांचं लक्ष नेमकं त्या वाटेकडे.

सर्जननी दुसऱ्या दिवशी मला, यांना आणि मंदारला नीट सांगितलं. ते बोलणं मी इथे आठवेल तसं लिहिते, कारण तेच महत्त्वाचं आहे.

"बऱ्याच पेशंटचं पोट अशी विश्रांती दिली की आपोआप सुटतं. घाईने उघडलं तर उगाच एक जखम, आणि त्याचे परत नवे पट्टे. पण थांबताना आतड्याला फास बसला, रक्त जायचं बंद झालं, तर आतडं मरतं. त्याला स्ट्रँग्युलेशन म्हणतात. मग तो तुकडा कापावा लागतो. तुमच्या वयाला ते सोपं नाही. म्हणून घाईही नको आणि उशीरही नको. मधली वेळ पकडायची."

"ती कळते कशी?" मंदारने विचारलं.

"नळीतून एक औषध सोडतो. ते एक्स-रेत पांढरं दिसतं. उद्या सकाळपर्यंत ते मोठ्या आतड्यात उतरलं तर बहुतेक सुटलो. नाही उतरलं तर उद्याच ऑपरेशन. मी सकाळची ओटी धरून ठेवतो." ओटी म्हणजे ऑपरेशन थिएटर. बाईच्या ओटीशी संबंध नाही, हे मला यांना सांगावं लागलं. सर्जन पुढे म्हणाले, "बाकी सगळं पेशंटने सांगायचं. कळ येते-जाते ती सतत राहिली तर सांगायचं. ताप, घाम, सांगायचं. आणि गॅस पास झाला तर तेही सांगायचं. खालून वारा सरला म्हणजे वाट उघडतेय. आम्हाला त्याच्याइतका आनंद कशाचाच नाही."

यांनी मान डोलावली आणि खिडकीबाहेर बघायला लागले. खिडकीबाहेर एसीचा डबा होता.

इथे मला तुम्हाला एका मुलीची ओळख करून द्यायला हवी. मालवणकडून लग्न होऊन जोगेश्वरीच्या एका चाळीत आलेली. दीड खोली, माणसं आठ, भिंती पत्र्याच्या. मॅट्रिक झालेली म्हणून स्वतःला फार सुसंस्कृत समजायची. तिने ठरवलं होतं की सासरच्या कोणाच्याही कानावर आपल्या देहाचा एकही आवाज पडू द्यायचा नाही. शिंक ओढणीत नाही, पदरात नाही, गिळून टाकायची. बाकीच्याचं तर नावच काढू नका. दिवसभर धरून ठेवायची. चाळीच्या गच्चीवर कपडे वाळत घालायला जायची ती कपड्यांसाठी कमी आणि वाऱ्यासाठी जास्त.

पहिल्या श्रावणात घरी सत्यनारायण होता. पाहुणे खच्चून. गच्चीवर मंडप, म्हणजे तिची एकुलती एक मोकळी जागा गेली. ती तशीच प्रसादाच्या शिऱ्यासमोर उभी राहिली, पोटात कळा घेऊन, हसतमुख. आणि कथेच्या चौथ्या अध्यायाला धाडकन पडली.

सासूबाईंनी तिचा चेहरा बघितला, बायकांकडे बघितलं आणि जाहीर केलं, "गोड बातमी!" दिरांना पेढ्यांना पिटाळलं. ही बया शुद्धीवर आली तेव्हा अख्ख्या चाळीच्या तोंडात पेढा होता. आता सांगणार काय? की बाळ नाही हो, वारा आहे? ती लाजली. सगळ्यांनी त्या लाजण्याचा अर्थ आपापल्या सोयीने घेतला. महिन्याने सासूबाईंना खरं कळलं तेव्हा त्या पेढ्यांच्या नावाने जे बोलल्या ते इथे लिहिता येत नाही.

त्या मुलीला मी इतकी वर्षं हसत आले. नातवंडांना तिची गोष्ट सांगून हसवत आले. मला वाटायचं, ती गेली. ती कुठे जाते? पलंगावर नाकात नळी घालून तीच पडली होती.

गणपतीच्या पाचव्या दिवशी सकाळी एक्स-रे झाला आणि लेकीच्या सासूबाई भेटायला आल्या. आमच्या विहीणबाई पार्ल्याच्या. कडक इस्त्रीचं सुती पातळ, केसांत एकच फूल, बोलणं असं की वाक्याला वाक्य लागून रांगोळी पडावी. बारा वर्षांत मी त्यांना ढेकर देताना ऐकलेलं नाही. लेकीच्या लग्नापासून मी त्यांच्यासमोर जरा पोट आत घेऊनच बसते. आता पोट नगाऱ्याएवढं, आत जाईना.

त्या माझा हात धरून बसल्या होत्या. हे पायथ्याशी उभे. तेवढ्यात सर्जन राउंडला आले, मागे ग्लोरिया आणि नर्स. त्यांनी पोट दाबलं, स्टेथोस्कोप लावून ऐकलं. कपाळाला आठी.

"एक्स-रेत औषध पुढे सरकलंय, पण मोठ्या आतड्यात पोचलंय की नाही, खात्रीने सांगता येत नाही. काठावर आहे." मग मोठ्यांदा, बहिऱ्याला विचारावं तसं, "आजी, गॅस पास झाला का?"

विहीणबाईंचा हात माझ्या हातात. मी वर बघितलं. विहीणबाईंनी सभ्यपणे फळांच्या पिशवीकडे बघितलं. माझ्या घशात नळी होती, हे खरं. पण मान हलवायला घसा लागत नाही, हेही खरं.

आणि माझ्या नवऱ्याने, जो साधा रिक्षावाल्यालाही खोटं सांगत नाही, घाईघाईने म्हटलं, "हो, हो. झाला ना. सकाळीच झाला."

"अरे वा!" सर्जनचा चेहरा उजळला. "मग सुटतंय. घाई नको करायला. संध्याकाळी परत एक्स-रे काढू, तसंच वाटलं तर उद्या सकाळी बघू. सिस्टर, ओटी सोडून द्या, दुसरी केस घेऊ दे त्यांना." आणि ते घाटकोपरच्या हॉस्पिटलातल्या ऑपरेशनला निघूनसुद्धा गेले.

विहीणबाई हात धुवायला गेल्या तेव्हा मी यांना खूण केली. नळीमुळे आवाज खरखरीत येत होता.

"अहो, कधी झाला?"

"काय?"

"गॅस!"

"आता ते तुझं तुला माहीत. मी आपलं म्हटलं."

"कशाला म्हटलं?"

"त्या बसल्या होत्या ना!" हे अगदी रडकुंडीला आले. "त्यांच्यासमोर काय तुझ्या... त्याची चर्चा करायची? होईल की गं दुपारपर्यंत."

मी चिडायला हवं होतं. पण मला, खोटं कशाला सांगू, बरंच वाटलं. प्रश्न टळला, ऑपरेशन टळलं. जोगेश्वरीची ती बया आत पदर सावरून बसली आणि म्हणाली, बरोबर केलं त्यांनी. दुपारपर्यंत होईलच.

दुपारपर्यंत झालं नाही. झालं ते वेगळंच.

हे आणि मंदार खाली चहाला गेले होते. विहीणबाई खुर्चीत जपाची माळ घेऊन. रस्त्यावरून पाच दिवसांच्या गणपतींचे ढोल सुरू झाले होते. मी कळ यायची वाट बघत होते, म्हणजे ती गेल्यावर जरा डोळा लागतो. ती आली. आणि गेलीच नाही. मी मनात आरतीची कडवी मोजली. एक आरती झाली, दुसरी झाली. कळ जागच्या जागी. कोणीतरी आत मूठ आवळून धरावी तशी, एकसारखी. कपाळावर घाम आला. आणि आणखी एक गोष्ट. इतके दिवस पोटात सारखं गुरगुरायचं, मांजर कोंडल्यासारखं. ते थांबलं होतं. बाहेर ढोल फुटत होते आणि आत माझं पोट मुकं.

त्या क्षणी मला जी भीती वाटली ती मी यापूर्वी कधीच अनुभवली नव्हती. मरणाची म्हणावी तर तेवढीच नाही. मला कळलं की आत माझं आतडं मरत असेल, आणि बाहेर सगळे खूश आहेत, कारण त्यांना वाटतंय वाट उघडली. डॉक्टर घाटकोपरला. ओटी दुसऱ्याला. आणि कारण काय, तर मी पादले नाही हे एका बाईला कळू नये!

"विहीणबाई," मी म्हटलं.

"काय हो? पाणी हवं का? अं, पाणी नाही नाही, विसरलेच मी."

"मला गॅस झालेला नाही."

"अं?"

"सकाळी यांनी खोटं सांगितलं. तुम्ही होतात म्हणून. ऋषिपंचमीपासून वारा सरलेला नाही. आणि कळ आता थांबत नाहीये."

त्यांची माळ मांडीवरून खाली पडली. मला वाटलं, आता काही समजुतीचं, सुंदर वाक्य येणार. त्या उठल्या, दारात गेल्या, आणि पार्ल्याच्या त्या बाईने अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात, एकेक अक्षर स्पष्ट उच्चारत, हाक मारली.

"डॉक्टर! अहो, कोणीतरी त्वरित या! आमच्या विहीणबाईंचा वारा सरलेला नाही! सकाळची माहिती चुकीची होती!"

समोरच्या खोलीतला माणूस सलाइनच्या दांडीसकट बाहेर आला.

ग्लोरिया धावत आली. नाडी बघितली, ताप बघितला, पोटावर हात ठेवला आणि हात उचलताना मी ओरडले. तिने तिथेच उभं राहून फोन लावला. "सर, पेन कंटिन्युअस झालाय. पल्स वाढलीय. पोट कडक झालंय, गार्डिंग आहे. आणि सर, गॅस पास नव्हता झाला. हो सर. नाही सर. ... फॅमिलीने चुकून सांगितलं."

चुकून म्हणाली, पोरीचे उपकार.

पुढचे तास मला तुकड्यातुकड्यांत आठवतात. रक्त काढलं. ओटी मिळेना, कारण आमची सोडलेली वेळ दुसऱ्या कोणाला दिली होती आणि त्याचं पोट आत उघडं होतं. सर्जन घाटकोपरहून निघाले तर रस्ते मिरवणुकांनी भरलेले. मंदार दर थोड्या वेळाने बाहेर जाऊन जिन्यात उभा राहून येत होता. सही घेताना ग्लोरियाने सांगितलं की आतडं काळं पडलं असेल तर कापून जोडावं लागेल, किंवा काही दिवस पोटावर पिशवी लावावी लागेल, तिला 'स्टोमा' म्हणतात. हे भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मला त्यांना सांगायचं होतं की अहो, गप्प मीही बसले होते, अर्धं माझंही आहे. पण दात वाजत होते.

सर्जन आले तेव्हा त्यांच्या शर्टाच्या बाहीवर गुलाल होता. शेवटचा रस्ता मिरवणुकीतून चालत काढला होता त्यांनी. "आजी," ते वाकून म्हणाले, "मला सकाळी का नाही सांगितलंत?" रागावून नाही. खरंच कळत नसल्यासारखं. मी काय सांगू? जोगेश्वरी, पत्र्याची भिंत, पेढे?

भूल देताना वरचा गोल दिवा दिसत होता. मला घरचे बाप्पा आठवले. सून शेजाऱ्यांबरोबर विसर्जनाला गेली होती. मी म्हटलं, तुम्ही आज निघालात, मला सोबत नेऊ नका. पुढच्या वर्षी देठं चावून खाईन.

नंतर सर्जननी जे सांगितलं ते असं. पिशवीच्या जुन्या ऑपरेशनचा एक पट्टा, चपलेच्या वादीएवढा. त्याखाली आतड्याचं वेटोळं अडकून पीळ बसलेला. वेटोळं जांभळं पडलं होतं. पट्टा कापला. आतडं कोमट सलाइनमध्ये भिजवलेल्या कापडात गुंडाळलं आणि सगळे थांबले.

"थांबलात?" मी विचारलं.

"हो. रंग परत येतो का बघायला. बराच वेळ काही होईना. मी कापायची तयारी सांगितली होती. मग कडेने हळूहळू गुलाबी व्हायला लागलं."

म्हणजे हातमोजे घातलेली पाच-सहा माणसं माझ्या आतड्याकडे डोळे लावून उभी होती, आणि ते नवरीसारखं लाजेपर्यंत कोणी हललं नाही. कापावं लागलं नाही. पिशवी लागली नाही.

"आणि उद्यापर्यंत थांबलो असतो तर?" यांनी विचारलं. पहिल्यांदाच तोंड उघडलं त्यांनी.

सर्जननी यांच्या खांद्यावर हात ठेवला. "नाही थांबलो ना," ते म्हणाले, आणि पुढच्या खोलीत गेले.

त्यानंतर हे माझ्या पलंगाजवळ बसून राहिले. पेपर नाही, मोबाइल नाही. घरून डबा आला की उघडायचे आणि बंद करायचे. मी चिडवून बघितलं. "अहो, वाचले मी. आता एरंडेल पाजायला परत मिळेन." हसले नाहीत. मग मी चिडवणं सोडलं.

ऑपरेशन झालं तरी वाट बघणं संपत नाही, हेही सांगून ठेवते. आतडं हाताळलं की रुसतं. ते परत चालायला लागेपर्यंत तोंडाला पाणी नाही. ग्लोरिया प्रत्येक राउंडला दारातूनच विचारायची, "आजी, झाला?" आणि मी आता वॉर्डभर ऐकू जाईल असं सांगायचे, "नाही!" कण्हतकण्हत कॉरिडॉरमधे चालायचे, एका हाताने यांना धरून. समोरच्या खोलीतला दांडीवाला माणूससुद्धा विचारायचा, "काय काकी, प्रगती?" पण आतून माझा जीव टांगलेला. परत तर काही अडकलं नसेल? परत तर उघडणार नाहीत? भिंतीच्या घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवायचे आणि बघायचे.

एका सकाळी हे माझी उशी सारखी करत होते आणि मी कुशीवर वळले. तेव्हा झालं. आवाज म्हणाल तर दाराची कडी हळूच काढावी एवढा. मी श्वास धरला. परत एकदा. यावेळी शंकेला जागा नव्हती.

हे उशी हातात घेऊन उभेच.

"ऐकलंत?" मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली.

"नुसती मान नको हलवू. विहीणबाईंना फोन लावा. त्यांनी सांगितलंय, कितीही वाजता कळवा." लग्नानंतर मी यांना पहिल्यांदाच अरे-तुरे केलं असेन. दोघांच्याही लक्षात आलं नाही.

यांनी फोन लावला. स्पीकरवर टाकला. "नमस्कार. हो, हो, मीच. आपण कशा आहात? इकडे ठीक. ते... कळवायचं होतं की हिला आज... म्हणजे डॉक्टर म्हणत होते ना, ते... ते झालं."

"काय झालं?" पार्ल्याहून आवाज आला. घाबरलेला.

"ते आपलं... ते."

"अहो, नीट सांगा ना! माझा जीव वरखाली होतोय!"

हे माझ्याकडे बघत होते. मी डोळ्यांनी म्हटलं, सांगा. यांनी घसा खाकरला, सत्यनारायणाच्या पूजेला बसावं तसे ताठ झाले, आणि जन्मात पहिल्यांदा आपल्या बायकोच्या पोटात आतडी आहेत हे त्यांनी जाहीरपणे मान्य केलं.

"हिला वारा सरला," ते मोठ्यांदा म्हणाले. "दोनदा सरला. मी स्वतः ऐकला."

आणि माझ्या पायावर डोकं ठेवून, फोन चालू असतानाच, ते ढसाढसा रडायला लागले. पलीकडून विहीणबाई "अरे वा! अरे वा!" म्हणत होत्या आणि घरातल्या कोणाला तरी सांगत होत्या, देवापुढे साखर ठेवा.

ग्लोरियाने चमच्याने पाणी पाजलं. साध्या पाण्याला एवढी चव असते, हे मला ठाऊक नव्हतं.

आता मी बरी आहे. भाजी चिरून, शिजवून, कवळी लावून, चावून खाते. कोणी "आधी ऑपरेशन झालंय का" विचारलं की पिशवी पहिली सांगते. वेळेवर आलेल्या त्या गुलालवाल्या सर्जनना, ग्लोरियाला आणि वेळेवर ओरडलेल्या विहीणबाईंना मी रोज देवापुढे आठवते. तुम्हाला एवढंच सांगते. डॉक्टर हा प्रश्न विचारतील, आणि खोलीत तेव्हा नेमकं कोणीतरी असेल. सासू, व्याही, शेजारी. त्यांच्या देखत उत्तर द्या. स्वतः द्या, खरं द्या.

विहीणबाईंचा फोन अजून दर रविवारी येतो. पूर्वी त्या "आपली प्रकृती कशी आहे?" विचारायच्या. आता ते विचारत नाहीत.

"काय हो," त्या म्हणतात, "सगळं मोकळं आहे ना?"

आणि मी काही बोलायच्या आत मागून हे ओरडतात, "एकदम!"